साखळी घातलेला उतार

चि. बारकीस,

थोरलीचे घसघशीत आशीर्वाद. इकडे सगळी धडधाकट आहेत, मीही आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुझी तब्येत कशी, जेवण जातं का, झोप लागते का आणि सुनेशी सध्या बोलणं चालू आहे की अबोला, ते सविस्तर कळव. (अबोला असेल तर चूक तिचीच असणार, हे मी धरूनच चालते. तिला पत्र लिहीन तेव्हा उलटं लिहीन.) पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मध्येच फोन ठेवून देतेस म्हणून कागद घेऊन बसले. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी आत काय आहे ते बघितल्याशिवाय तुला राहवायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आईने आपल्या दोघींना दुसरं काही दिलं नाही, पण भोचकपणा देताना मात्र हात राखला नाही. माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा काना-मात्रा तपासत बसू नकोस, मजकूर बघ.

तर मजकूर असा. माझ्या नातीचं लग्न नोंदणी कचेरीत व्हायचंय आणि साक्षीदार म्हणून तुझी सही हवी, असं तिने तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "माझ्याशिवाय उरका." का, तर मागे बँकेत दोन शिपायांनी तुला चाकाच्या खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून वर नेलं, वाटेत तुझी एक चप्पल गळली, ती उंच धरून कुणीतरी "ही कुणाची, ही कुणाची" म्हणून ओरडत फिरला आणि अख्खी बँक हातातली कामं टाकून तुझ्याकडे बघत बसली. त्या दिवसापासून तू घराबाहेर पडलेली नाहीस. "मी काय पोतं आहे उचलायला?" हे तुझं वाक्य नातीने मला जसंच्या तसं ऐकवलं. (पोतं नाहीस. पोतं गप्प बसतं.) इकडे नातही आपल्याच वळणावर गेलेली. छोटी आजी येणार नसेल तर मी सहीच करत नाही, म्हणून बसली आहे. नवरा मुलगा बिचारा नखं कुरतडतोय. मुलगा बरा आहे, नखं सोडली तर.

मी म्हटलं, या दोघींच्या भांडणात पडण्याआधी ती कचेरी आहे तरी कशी ते डोळ्यांनी बघून यावं. तुझ्यासाठी गेले असं समजून फुगू नकोस. मला आपलं कुतूहल. शिवाय घरात रंगकाम चालू होतं आणि रंगारी माझ्या मताला किंमत देत नव्हता. नात म्हणाली, "आजी, तिथे आता रॅम्प केलाय, छोट्या आजीला उचलावं लागणार नाही." रॅम्प म्हणजे उतार. आता वर जायच्या वाटेला उतार का म्हणायचं, हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "आजी, तू जाऊन ये." म्हणून गेले.

कचेरी नवी कोरी आहे. समोर दगडी पायऱ्या, रुंदच्या रुंद, घासून अशा गुळगुळीत केलेल्या की तोंड बघून कुंकू लावावं. कठडा नाही. कठड्याने शोभा जाते म्हणे. (माणूस पडल्यावर जी शोभा होते ती चालते.) आणि बाजूला तो उतार, खरोखरच छान, ऐसपैस, दोन्हीकडे धरायला दांडे, पायाखाली खरखरीत. खाली निळी पाटी, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. आणि पाटीच्या खाली दोन खांबांमध्ये जाडजूड साखळी, साखळीला कुलूप.

मी रखवालदाराला विचारलं, हे कुलूप कशाला? म्हणाला, "आजी, हा अपंगांसाठी राखीव आहे." मग किल्ली कुणाकडे? "वर, मोठ्या साहेबांच्या टेबलात." मग ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याने किल्ली आणायची कशी? त्यावर तो म्हणाला, "वर जाऊन मागायची." बारके, मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. चेष्टा करतोय म्हणावं तर माणूस अगदी सरळ मनाने सांगत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, साहेबांनी सांगितलं तसं तो म्हणणार. पण कुलूप घालायची बुद्धी साहेबांना झाली कशी? तर म्हणाला, "सगळेच वापरायला लागले होते ना. ज्यांना गरज नाही ते पण. गैरवापर व्हायला लागला."

आता हा गैरवापर करणारे कोण, हे बघितल्याशिवाय माझा पाय तिथून हलेना. समोरच्या कट्ट्यावर बसले. (बसायची गरज होती म्हणून नव्हे. उभं राहून टेहळणी केली की लोकांना संशय येतो.) पहिली आली ती बाबागाडीवाली. कडेवर एक, गाडीत एक. उताराकडे बघितलं, साखळीकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि कडेवरचं पोर एका अनोळखी बाईच्या हातात कोंबून गाडी पायरी पायरीने वर ओढायला लागली. आतलं पोर प्रत्येक पायरीला उचकी लागल्यासारखं उडत होतं. मग पाण्याचे बाटले घेऊन येणारा माणूस आला, हातगाडी खाली लावून एकेक बाटला खांद्यावरून वर नेऊ लागला आणि प्रत्येक खेपेला साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करू लागला. मग पायाला प्लास्टर घातलेला एक दांडगा गडी, तो तर पाठमोरा बसून वर सरकत गेला. मग एक पोटुशी. मग खोक्यांचा ढीग घेऊन कुरियरवाला, त्याला समोरचं दिसतच नव्हतं, तो प्लास्टरवाल्यावर आपटला. साखळी ओलांडून उतारावरून कोण गेलं म्हणशील? तर चांगली धट्टीकट्टी तरुण पोरं! खांबावर हात टेकायचा, टुणकन उडी मारायची आणि वर. म्हणजे ज्यांना खरंच गरज नाही तेवढेच काय ते त्या उतारावरून जात होते. असा तो बंदोबस्त.

एवढं बघितल्यावर मोठ्या साहेबांचं दर्शन घेणं भागच होतं. गेले वर. कशी गेले ते विचारू नकोस, गेले. आत लिफ्ट आहे आणि ती बोलते. "दार उघडत आहे," म्हणाली. मी म्हटलं, बरं. "वर जात आहे," म्हणाली. मी म्हटलं, जा. शेजारचा मनुष्य माझ्याकडे बघून हसला, पण त्यालाही ती सांगेपर्यंत कुठला मजला आला ते कळलं नव्हतं, कारण तो मोबाइलमध्ये नाक खुपसून उभा होता. बटणांवर उंच टिपके आहेत, हाताला गोड लागतात. मागच्या भिंतीला भलामोठा आरसा. मला वाटलं, कचेरीतल्या लोकांची नटायची हौस. नातीने घरी आल्यावर सांगितलं की चाकाची खुर्ची आत वळवता येत नाही, तेव्हा उलटं बाहेर निघताना मागचं दिसावं म्हणून तो आरसा. टिपके आणि बोलणं आंधळ्यांसाठी. मला गंमत वाटली. केलं कुणासाठी, आणि माझा चष्मा घरी राहिला होता तेव्हा कामाला आलं कुणाच्या! आरशात तर त्या दिवशी जो तो केस सारखे करत होता. एक टकलूही करत होता.

साहेब मीटिंगमध्ये होते. (साहेब लोक मीटिंगमध्ये नसतात तेव्हा कुठे असतात, हे मला अजून कळायचंय.) बसून बसून मला मोरीकडे जायची वेळ आली. एका दारावर तेच खुर्चीचं चित्र, दार रुंद, हाताच्या कोपराने ढकललं तरी उघडेल असं. शेजारच्या साध्या मोरीला आत ओली पायरी आणि बाहेर रांग. मी म्हटलं, आत बघावं तरी काय आहे. बारके, आत एवढी जागा की आपण सगळी भावंडं तिथे अंथरुणं टाकून झोपलो असतो! भिंतीला दांडे लावलेले. बसताना धरा, उठताना धरा. मी धरून उठले तर अशी सरळ उभी राहिले की मलाच वाटलं दुसरंच कुणीतरी उठलं. आणि भिंतीजवळ छतापासून पार जमिनीपर्यंत लोंबणारी एक तांबडी दोरी. दिव्याची असेल, म्हटलं. कचेरीचा दिवा फुकट कशाला जाळा, म्हणून जाताना ओढली.

दिवा गेला नाही. अशी बोंब सुरू झाली की वाटावं, कुणी यंत्राच्या शेपटीवर पाय दिलाय. बाहेर तांबडा दिवा भकभकायला लागला. मी पुन्हा ओढली, की बंद होईल, तर ती आणखी चेकाळली. दार उघडलं तर समोर सगळी कचेरी! कारकून, शिपाई, बाबागाडीवाली, तो प्लास्टरवाला (एका पायावर), आणि सर्वांत पुढे, मीटिंग सोडून धावत आलेले, घामाघूम झालेले मोठे साहेब. तासभर ज्यांचं दर्शन होत नव्हतं ते एका दोरीसरशी हजर.

"आजी, काय झालं? पडलात का?"

"नाही. दिवा मालवत होते."

"अहो, हे अपंगांसाठी आहे. तुम्ही आत कशाला गेलात?"

"ज्या कामाला सगळे जातात त्या कामाला. तुम्हाला वेगळं काही असतं का?"

बोंब बंद कशी करायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याने यंत्र बसवलं तो बसवून निघून गेलेला. साहेबांनी भिंतीवरची सगळी बटणं दाबून बघितली, त्यात पंखे बंद झाले. एवढ्यात कुणा उत्साही माणसाने रुग्णवाहिका बोलावल्याचं कळलं. मी घसा फोडून सांगतेय की मला काही झालेलं नाही. एक बाई म्हणाली, "धक्का बसला की असंच बोलतात." दुसरी मला खुर्चीत बसवून माझे तळहात चोळायला लागली. शेवटी मीच उठले, लिफ्टला "खाली चल" म्हटलं आणि बाहेर पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. साहेब मागोमाग, मागे सगळं लटांबर.

खाली रुग्णवाहिकेतून दोन माणसं चाकांचं स्ट्रेचर घेऊन उतरली होती. पायऱ्या बघून त्यांनी नाक मुरडलं, उताराकडे वळली, आणि साखळी. "किल्ली!" असा ओरडा झाला. साहेब म्हणाले, माझ्या टेबलात. शिपाई वर पळाला. टेबलाला कुलूप, आणि टेबलाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाच्या खिशात. वर भोंगा, खाली स्ट्रेचर, मध्ये साहेब. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मी, वरून ओरडून सांगत होते की अरे, त्या खांबाकडे बघा, पोरांनी उड्या मारून मारून तो दाढेसारखा हलवून ठेवलाय! स्ट्रेचरवाल्याने एक हिसका दिला मात्र, खांब मुळासकट हातात आला. साखळी, कुलूप सगळं बाजूला आडवं. स्ट्रेचर सरसर वर आलं. आणि त्याच्या मागे बघते तर काय, पाण्याचा हातगाडीवाला, खोकी घेऊन कुरियरवाला, चाकांची बॅग ओढणारे एक गृहस्थ, एक म्हातारं जोडपं भांडत भांडत, अशी ही रांग! एवढा वेळ सगळे दबा धरूनच बसले होते जणू.

स्ट्रेचरवाले म्हणाले, पेशंट कुठाय? मी म्हटलं, मी. माझ्याकडे बघून त्यांची तोंडं उतरली. एवढ्या लांबून आलेली माणसं, रिकाम्या हाताने कशी पाठवायची? मी आडवी झाले. त्यांनी मला उतारावरून खाली नेलं. बारके, एक धक्का नाही, एक हिसका नाही, नुसतं ढग बघत खाली आले. खाली पोचल्यावर उठले, कपडे झटकले आणि आभार मानले. त्यातला थोरला जरा रागावला होता. "आजी, पुन्हा दोरी ओढू नका." मी म्हटलं, नाही ओढत, पण ती पार जमिनीला टेकेपर्यंत लांब कशाला ठेवलीय ते सांग. म्हणाला, "जो पडलाय त्याचा हात तिथपर्यंतच पोचतो ना."

हे मला सुचलं नव्हतं. तू न्हाणीघरात पडलीस त्या दिवशी सून बाजारातून येईपर्यंत किती वेळ फरशीवर होतीस ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. दोरी लांब असते, एवढंच कळवते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पिशवी तिथे राहिली होती. (पिशवी मीच मुद्दाम विसरले होते, नुसतं बघायला गेले तर लोक रिकामटेकडी म्हणतात.) खांब होता तिथेच आडवा. साहेबांनी "ताबडतोब बसवा" असा हुकूम सोडलाय, पण तो हुकूम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय आणि गवंडी म्हणतो, कागद आल्याशिवाय थापी उचलणार नाही. कचेरीचा आळस कुणाच्या उपयोगी पडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. सगळी दुनिया त्या उतारावरून ये-जा करत होती. बाबागाडीवालीला विचारलं, बरं पडतं का गं? म्हणाली, "पोर झोपलेलंच राहतं हो आजी." तिला त्यापलीकडे काही नको होतं. पाणीवाला शिव्या द्यायचा विसरून चक्क शीळ घालत होता. खुद्द साहेब चाकांची बॅग ओढत उतारावरून आले, मला बघितलं आणि एकदम पायऱ्यांकडे वळले. मी म्हटलं, या, या, गैरवापर करा.

आणि आता नीट वाच, कारण मुद्दा हा आहे. तेवढ्यात एक तरुण पोरगा आला, चाकाच्या खुर्चीत. मी सावरून बसले. म्हटलं, आता बघू, कोण कोण वळून बघतं. तर त्याच्यापुढे पाणीवाल्याची गाडी अडकलेली. हा मागून ओरडतोय, "अहो काका, चला की! पाणपोई उघडलीत काय तिथे?" मागची बाबागाडीवाली म्हणतेय, "चला, चला." कुरियरवाला म्हणतोय, "चला ना राव." सगळे चिडून पाणीवाल्याकडे बघत होते. त्या पोराकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. रांगेतला एक, बस्स. बारके, खरं सांगते, त्याच्याकडे बघणारी तिथे मी एकटीच होते. आणि मी तर सगळ्यांकडेच बघत होते.

दोन शिपाई लागतात तेव्हा लोक बघतात. सगळे त्याच वाटेने निघाले की कोण कुणाकडे बघणार? तुझी चप्पल पडली तर मागचा म्हणेल, उचला लवकर, खोळंबा होतोय. याहून जास्त मान तुला कुठे मिळणार आहे ते सांग.

तेव्हा ये. तुझ्या मुलाला म्हणावं, आदल्या दिवशी गाडीत घालून इकडे आणून सोड. सुनेला माझा नमस्कार नको, आशीर्वाद सांग. नातवंडांचे गालगुच्चे घे, जोरात. वरच्या खोलीतला रंग शेवटी रंगाऱ्याच्या मनाचाच झाला आणि भयंकर दिसतो, तोही बघायला मिळेल.

तुझी,
थोरली

ता. क. : उगाच दिवस घालवू नकोस. गवंड्याचा कागद आता शेवटच्या टेबलावर आलाय असं रखवालदार सांगत होता. त्या टेबलावरच्या बाईंना मी सांगून ठेवलंय की नातीच्या लग्नापर्यंत त्या कागदावर काहीतरी जड ठेवा. त्यांची स्वतःची आई त्याच उताराने येते, त्यामुळे त्यांना फार सांगावं लागलं नाही.

ता. क. दुसरा : छोटी आजी नसेल तर सही करणार नाही, असं नात म्हणाली म्हणून मी वर लिहिलंय. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "राहू दे आजी, छोट्या आजीला त्रास नको." साक्षीदार तिला ढीगभर मिळतील. सही करू नकोस असं मीच तिला बजावलंय. मुलगा नखं कुरतडतोय ते मात्र खरं आहे.

ता. क. तिसरा (हा सुनेला वाचून दाखवू नकोस) : डॉक्टरने मला काठी घ्यायला सांगितलीय. काठी हातात आली की मग लोक रस्ता ओलांडून द्यायला धावतात, ते मला सहन व्हायचं नाही. पण तुझ्या खुर्चीची मागची मूठ दोन्ही हातांनी धरून मी कितीही लांब चालेन, आणि बघणारे म्हणतील, काय बाई, या वयात बहिणीचं किती करते! तेव्हा येताना ढकलायला दुसरं कुणी आणू नकोस. ती जागा माझी.